पंप कपाटातून बाहेर काढ

कृष्णाकाठ,
१८ नोव्हेंबर

प्रिय कुंदा,

पत्र शनिवारी मिळालं. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुला पहिली काळजी लागली ती पोषण आहाराच्या तांदळाची नाही, तर तिसरीतल्या एका पोराच्या दम्याच्या पंपाची (इनहेलरची), हे वाचून बरं वाटलं. पण पुढे ‘पोरांच्या हाती लागू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलाय’ हे वाचलं आणि ताट तसंच सरकवून लिहायला बसले. बाई, तो पंप आधी बाहेर काढ. किल्ली तुझ्या पर्समध्ये, तू केंद्राच्या मीटिंगला आणि पोराला मैदानात धाप लागलेली. मग काय कुलूप फोडणार?

मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. आठ वर्षांपूर्वी माझ्या चौथीत एक मुलगी होती. खो-खोला दोन पाट्या धावली की बसायची. कधी पोटात दुखतंय, कधी चप्पल तुटली. मी तिला ‘आळसाबाई’ म्हणायचे. मग सगळा वर्ग म्हणायला लागला. तीही हसायची, आणि हसता हसता खोकायची. एकदा शाळेमागच्या रानातला ऊस तुटून गेला आणि मालकानं पाचट पेटवलं. धूर थेट वर्गात. पोरगी गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर ओढून बसली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ‘बाई’ म्हणायलाही तिला मध्येच श्वास घ्यावा लागत होता. शेवटी एका पालकाच्या मोटरसायकलवर मधे धरून दवाखान्यात नेली. वाचली.

डॉक्टरांनी विचारलं, “खेळताना किती दिवसांपासून अशी बसते?” आणि कुंदा, मला उत्तर तोंडपाठ होतं. जूनपासून. पहिल्या पावसात आठवडाभर गैरहजर, दिवाळीनंतर पुन्हा चार दिवस. सगळं माझ्या हजेरीपटात होतं. मी फक्त त्याला आळस म्हणत होते.

तेव्हापासून मी खेळणाऱ्या पोरांपेक्षा कट्ट्यावर बसणाऱ्यांकडे जास्त बघते. ताप नसताना खोकणारं, धावून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी ढास लागणारं, सकाळी वर्गात पेंगणारं पोर दिसलं की आईला एकच प्रश्न विचारते: रात्री खोकतो का? पहाटे खोकून उठणारं लेकरू वर्गात पेंगणारच. दर वेळी दमाच निघतो असं नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण आरोग्य तपासणीची गाडी वर्षातून एकदा येते. २०१३ साली आपल्या पालघरहूनच देशभर सुरू झालेला तो बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्यांच्या यादीत हा आजार आहे. अडचण अशी की दोन झटक्यांच्या मधे दम्याच्या पोराची छाती अगदी साफ वाजते. त्या दिवशी डॉक्टरांना काही ऐकू आलं नाही, तर तुझ्या वहीतल्या तारखा त्यांच्यापुढे ठेव.

आयांशी बोलताना मात्र जपून. ‘दमा’ म्हटलं की चेहरा पडतो, मुलगी असेल तर थेट लग्नापर्यंत विचार जातो. मी ‘छातीत घरघर होते का’ असं विचारते. मग हळूहळू बाहेर येतं: केळं बंद केलंय, दही बंद केलंय, कोजागिरीच्या दुधातलं औषध झालं, एक मामा मृगाला हैदराबादला माशाचं औषध द्यायला घेऊन गेला होता. पंप तेवढा नको, कारण ‘सवय लागते’. माझ्या सासूबाईंचंही हेच मत, आणि घरात पटवणं शाळेपेक्षा अवघड! मला डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब मी सगळ्यांना सांगते: साल्ब्युटामॉल, म्हणजे धाप मोडणारं औषध, त्याची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत वीस दाबांएवढं औषध, तेही पोटातून अंगभर फिरून मग छातीला पोचणार. गोळी मात्र बिनधास्त देतात.

शाळेत ठेवायचा तो हा धाप मोडणारा पंप. श्वासनळ्यांची सूज आवरणारा, रोजचा पंप वेगळा, तो घरी घ्यायचा असतो. आईला विचारून घे, तो चालू आहे ना. पुष्कळजण बरं वाटलं की तोच आधी बंद करतात.

झटका आला तर झोपवायचं नाही. ताठ बसव, थोडं पुढे वाकू दे. भोवतीची पोरं बाहेर काढ, तुझा आवाज हळू ठेव. पंप हलवून स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून, एक दाब, चार श्वास. पुन्हा हलवून दुसरा. असे चार दाब. चार मिनिटं थांब, फरक नसेल तर पुन्हा चार. तरीही उतार नसेल, बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसले, तर १०८ लाव आणि गाडी येईपर्यंत तेच करत राहा. घरघर एकाएकी थांबली आणि पोर गळून गेलं, तर ते बरं झालं असं समजू नकोस, तीच सगळ्यात वाईट खूण. आणि उतार पडला तरी एकट्याला घरी पाठवायचं नाही.

स्पेसर महाग वाटला तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून त्यात पंप नीट बसवायचा. जुगाड नव्हे हं, केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर तपासून ती दुकानातल्या स्पेसरइतकीच चालते असं दाखवलं.

बाकी खडूची धूळ, ओलीनं बुरसटलेली भिंत, परिपाठाची अगरबत्ती, हे तुला दिसेलच. रंगकाम सुट्टीत काढ. आणि त्याला खेळातून काढू नकोस. अंग गरम करून, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप घेऊन, धावू दे.

पंप ठेवायचा कुठे, तर वर्गातच, बाईंच्या टेबलाच्या खणात, बिनकुलपाचा, डबीवर त्याचं नाव. मैदानात जाताना डबी बाईंच्या हातात. तुझ्या शिपाईमामांनाही दाब द्यायला शिकव. तू नसशील तेव्हा तेच असतील.

नाताळात ये, सविस्तर बोलू.

तुझी,
शैला

ता. क. डबीवरची मुदत बघितलीस का? आमच्या कपाटात सापडलेला पंप दोन वर्षांपूर्वीच बाद झाला होता.