जंत दिसले म्हणजे जंतांनीच मारलं असं नाही

महोदय,

पावसाळ्यात वादळी वाऱ्याने मास्क्ड बूबी, सूटी टर्न असे खोल समुद्रातले पक्षी कोकण किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यातला एखादा दगावला आणि पोटात जंत निघाले, की ‘जंतांमुळे मृत्यू’ असं छापून येतं. मासेखाऊ पक्ष्याच्या पोटात जंत असणं ही रोजचीच गोष्ट आहे. कॉन्ट्रासीकम या गोल जंताची अंडी शिटेतून पाण्यात पडतात, अळी आधी कोपेपॉड या बारक्या जिवात, मग माशात आणि माशातून पक्ष्यात जाते. पाणकावळ्याच्या जठरात त्यांचे पुंजके असतात, तरी तो व्यवस्थित मासे धरतो. उपाशी पक्ष्याचं जठर रिकामं, म्हणून ते जास्त नजरेत भरतात. छातीच्या हाडाजवळचं मांस आटून हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल, तर आधी उपासमारीचा विचार करावा. जठराला भोक पडलंय किंवा आतडं तुंबलंय असं दिसलं, तर गोष्ट वेगळी.

खरी भीती वाटते ती पक्षी हाती येताच आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध टोचणाऱ्यांची. मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे दीड किलोच्या बूबीला गुरांचं १ टक्क्याचं इंजेक्शन फक्त ०.०३ मिलि! एक थेंबही जास्तच होतो. शिवाय पट्टकृमींवर (फितीसारखे चपटे जंत) त्याचा उपयोग नाही, तिथे प्राझिक्वांटेल हे दुसरं औषध लागतं. हाती आलेल्या पक्ष्याला आधी ऊब द्यावी, मग कोमट क्षारपाणी, मग मासा. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तेव्हा चोच चिकटपट्टीने बांधू नये, गुदमरेल.

औषध द्यायचं ते शीट तपासूनच. पांढरा भाग सोडून साधारण २ ग्रॅम ताजी शीट मिठाच्या संपृक्त पाण्यात (लिटरला सुमारे ३६० ग्रॅम मीठ) कालवून गाळावी, नळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवावी आणि १५-२० मिनिटांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. गोल जंतांची अंडी वर येतात. पर्णकृमींची (पानासारखे चपटे जंत) जड अंडी तळाला बसतात, म्हणून तळातला गाळही पाहावा. नुसतं वरचं पाणी पाहून ‘जंत नाहीत’ असा अहवाल देणं चूक.

खायला घालायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला असावा, नाहीतर त्यातल्या जिवंत अळ्या पुन्हा पोटात जातात. गोठवणीत ब-१ जीवनसत्त्व मात्र घटतं, ते वरून द्यावं लागतं.

— एक पशुवैद्यक, मालवण