जुन्या रीफ (सागरी प्रवाळ व माशांच्या) टाकीच्या स्थलांतरातील हलगर्जीपणाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २०० लिटरच्या टाकीतील सागरी जीव ५०० लिटरच्या नव्या टाकीत हलवताना झालेले नुकसान व त्याची भरपाई

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी मे महिन्यात ५०० लिटरची टाकी, सम्प (पाणी गाळण्याची खालची टाकी), स्किमर (फेसावाटे पाण्यातील घाण काढणारे उपकरण) आणि चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) विकत घेतला, आणि पुण्यातील माझ्या घरी अनेक वर्षे उत्तम चाललेल्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील खडक, प्रवाळ व मासे तिच्यात हलवून देण्याचे कामही वेगळे शुल्क भरून आपल्याकडेच सोपवले. टाकी आणि उपकरणे चांगली आहेत, त्यांविषयी माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार स्थलांतराच्या कामाविषयी आहे. खडक पूर्ण वेळ जुन्याच पाण्यात बुडवून ठेवले जातील, नवे पाणी आर.ओ.-डी.आय. (क्षार व अशुद्धी काढून टाकलेल्या) पाण्यात मीठ विरघळवून आदल्या दिवशीच तयार असेल आणि जुनी वाळू वापरली जाणार नाही, असे आपल्या कोटेशनमध्ये लिहिलेले आहे. यांतील एकही गोष्ट पाळली गेली नाही.

सर्वांत मोठे नुकसान खडकांच्या हाताळणीमुळे झाले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. माशांच्या विसर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते मुख्यतः खडकांच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांमध्ये वस्ती करून असतात, आणि त्यांच्या सोबतीने स्पंज, कृमी व इतर कितीतरी बारीक जीव तेथे वाढलेले असतात. आपल्या कर्मचाऱ्यांनी प्रवाळ चिकटलेले मोजके खडक बादलीत ठेवले, पण बाकीचे सगळे बाल्कनीत प्लॅस्टिकच्या कागदावर मांडले, आणि टाकी समपातळीत बसवून पाइप जोडण्यात दुपार गेली तोवर ते मे महिन्याच्या उन्हात वाळत राहिले. मी वारंवार सांगितल्यावर त्यांनी त्यांवर नळाचे पाणी मारले आणि शेवाळ निघावे म्हणून ते ब्रशने घासले. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारण्यासाठीच, आणि समुद्री जीवांना गोडे पाणी सोसत नाही. वर्षानुवर्षे जोपासलेले खडक अशा रीतीने मेले आणि ते मेलेले, कुजू लागलेले खडकच नव्या टाकीत रचले गेले.

जुनी वाळू न धुताच नव्या टाकीत ओतली गेली. तळाच्या काळ्या थराला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता, म्हणजे ऑक्सिजनविना तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड त्यात होता, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते. मीठही थेट टाकीत टाकून पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) सुरू करण्यात आला आणि पाणी दुधाळ असतानाच मासे सोडण्यात आले. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) जुन्या पाण्याची क्षारता हजारी ३५ होती, नव्या पाण्याची ३० भरली. एवढा फरक मासे एक वेळ सहन करतात. कोळंबी आणि गोगलगायींना तो झेपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट किटवर अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅम आढळला. जुन्या टाकीत तो नेहमी शून्य असे. पाण्याचा पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे एवढे प्रमाणही घातक ठरते. क्लीनर श्रिम्प ही कोळंबी आणि सर्व गोगलगायी मेल्या, लेदर कोरल हे मऊ प्रवाळ कोसळून विरघळले, आणि क्लाऊनफिशच्या जोडीतील नर गेला. ही जोडी नियमितपणे अंडी घालत असे आणि अंडी उबेपर्यंत नर कल्ल्यांजवळच्या परांनी त्यांना वारा घालत राही. त्याची किंमत बिलावरच्या आकड्यात मावणारी नाही, हे मला येथे नोंदवायचे आहे.

एक बाब माझ्या नुकसानापलीकडची आहे. झोआंथिड प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते जखमेतून किंवा डोळ्यांवाटे शरीरात गेल्यास जिवावर बेतू शकते. आपला एक तरुण कर्मचारी हे प्रवाळ उघड्या हातांनी खरवडून काढत होता. मी त्याला थांबवून हातमोजे दिले. त्याला या धोक्याची कल्पनाच देण्यात आली नव्हती आणि याचा दोष मी त्याला देत नाही.

नव्या टाकीत असे होतेच आणि सजीवांची हमी नसते, असे आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर सांगितले. मासे अमर राहतील अशी हमी मी मागितलेली नाही. खडक जिवंत आणले असते तर मोठ्या टाकीतही तेच जिवाणू पहिल्या दिवसापासून काम करत राहिले असते. टाकीला नवेपण आले ते आपल्या कामामुळे. भरपाई म्हणून कठीण प्रवाळाचे तुकडे देण्याची तयारीही त्यांनी दाखवली. अशा प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे, त्यामुळे मी ते स्वीकारणार नाही आणि ते आपण कोणालाही देऊ करू नयेत.

स्थलांतराचे संपूर्ण शुल्क, नंतर माझ्या माथी मारलेल्या जिवाणूंच्या बाटल्यांचे पैसे आणि सोबतच्या यादीतील जीव व खडकांची किंमत रोख परत करावी. पुढील खरेदीवरील सवलत मला नको. कोटेशनमधील अटी का पाळल्या गेल्या नाहीत याचा लेखी खुलासा करावा, आणि झोआंथिड हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हातमोजे, चष्मे व प्रशिक्षण देत असल्याचेही लेखी कळवावे. छायाचित्रे, पाण्याच्या नोंदी आणि कोटेशनची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्याचा माझा निर्णय झालेला आहे. उत्तर लेखीच आणि प्रत्येक मुद्द्यावर द्यावे.

आपली,
पुणे येथील ग्राहक