माळावरच्या दगडांवरच्या खुणा ओळखायच्यात, हातभार लावा! (तातडीचं आवाहन)

सप्रेम नमस्कार मंडळी,

घाईत टाईप करतोय, समजून घ्या. माळावरचं पडकं देऊळ तुम्हाला नव्यानं सांगायला नको, महाशिवरात्रीला तिथं फोटो काढला नाही असं घर गावात नाही. पण मध्यंतरी कुणीतरी तिथल्या दगडांवरच्या खुणांचं "गुप्तधनाचा नकाशा" म्हणून रील टाकलं आणि आठ दिवसांत नंदीच्या मागं पहारीनं दोन खड्डे पडले. आम्ही मीटिंगला बोलावतो तेव्हा खुर्च्या मांडणारेच खुर्च्यांवर बसतात आणि धनाचं नाव निघालं की अख्खा तालुका माळावर! असो. धन निघालं तरी 1878 च्या निखात निधी (म्हणजे पुरलेलं धन) कायद्यानं 10 रुपयांच्या वरचं सगळं कलेक्टरला कळवावं लागतं, हे पहारवाल्यांना कुणीतरी सांगा रे.

आपल्या मंडळाला काम नवीन नाही. गावाची बारव गाळानं भरलेली, ती आपणच मोकळी केली, डेअरीवाल्यांनी ट्रॅक्टर दिला, डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. बचत गटाच्या ताईंनी पिठलं-भाकरी कधी कमी पडू दिली नाही, ठेचा तर विचारूच नका. रस्त्याच्या कामात गटारीत जाणारे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड) आपल्या फौजी बंधूंनी खांद्यावरनं मारुतीच्या पारावर आणले. आणि मुंबईकर माथाडी मंडळी, पगार झाला की पहिली पावती त्यांची, गावात राहणाऱ्यांच्या आधी! त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. बाकीचे "बघू, करू" म्हणाले ते अजून बघतायत.

आता खुणा. जोत्याच्या चिऱ्यांवर त्रिशूळ, बाण, मासोळी अशा ज्या बारक्या खुणा आहेत त्या पाथरवटांच्या असाव्यात, कुणी किती चिरे घडवले किंवा कुठला चिरा कुठं बसवायचा यासाठी ते अशा खुणा करायचे. मंडपाच्या फरशीवर चौकोनात चौकोन कोरलाय तो तर नवकंकरी या खड्यांच्या खेळाचा पट आहे, आमच्या आजीला दाखवला तर तिनं दुसरं काही न बोलता खडेच मांडले. खरी गोम तिसऱ्या दगडात आहे. वर चंद्र-सूर्य, खाली झिजलेल्या चार ओळी आणि अर्धा दगड जमिनीत. खाली गाढव कोरलेलं निघालं तर गधेगळ, म्हणजे दिलेलं दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड. आपल्याकडं शिलाहारांचं राज्य होतं, त्यांच्या काळातले गधेगळ बऱ्याच ठिकाणी सापडलेत. पण अक्षरं वाचल्याशिवाय आम्ही काही छातीठोक सांगणार नाही, आणि परवानगीशिवाय दगड हलवणारही नाही.

वाचायला ठसा घ्यावा लागतो. दगड पाण्यानं आणि मऊ ब्रशनं साफ करायचा, ओला कागद चिकटवून ब्रशनं ठोकायचा, वरून शाई मारली की अक्षरं पांढरी उठतात. पुण्याचे एक अभ्यासक यायला तयार आहेत, मानधन नको म्हणाले, निदान त्यांचा प्रवास आणि जेवण तरी आपण करायला नको का? पावसाच्या आत उरकायचंय, एकदा गवत वाढलं की दिवाळीपर्यंत दगड दिसत नाहीत.

तर कागद, शाई, प्रवास, जेवण आणि तात्पुरतं तारेचं कुंपण धरून 18,000 रुपये लागतायत, खजिनदारांकडं रोख किंवा ऑनलाइन द्या, पावती मागून घ्या, ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी रविवारी सकाळी 7 ला पारावर या, पाण्याची बाटली, टोपी आणि मोठा टॉर्च आणा (तिरपा उजेड मारला की झिजलेलं अक्षर दिसतं, फोटो तसेच काढायचेत), कुणाकडं देवळाचे जुने फोटो असतील तर मूळ देऊ नका, मोबाईलवर पाठवा. आणि हात जोडून सांगतो, अक्षरांत खडू, चुना, हळद भरू नका, ऑइलपेंट तर अजिबात नको, मागं एका वीरगळाला कुणीतरी भक्तीनं चॉकलेटी रंग दिलाय, तो अजून निघत नाही.

आपला,
सचिव
(फोन उचलला नाही तर मेसेज टाका, शेतात रेंज नसते)