पाऊण तासात रिपोर्ट मिळतो, पण खोटा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लघवीतल्या जंतूंवर कोणतं अँटिबायोटिक चालेल हे सांगणाऱ्या तुमच्या पोर्टेबल यंत्राबद्दल तक्रार

महोदय,

तालुक्याच्या गावी मी एकटाच पॅथॉलॉजी लॅब चालवतो. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवायला, एक दिवस जातो, औषधाची डिस्क लावून तिच्याभोवतीचा वाढ नसलेला झोन मोजायला दुसरा, आणि तोवर डॉक्टर अंदाजानेच गोळ्या देतात. म्हणून कर्ज काढून मार्चमध्ये तुमचं यंत्र घेतलं. पाऊण तासात रिपोर्ट येतो, त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या मंगळवारी एका आजींची लघवी आली. बाटलीचं झाकण काढताच अमोनियाचा भपकारा. यंत्राने नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकला 'सेन्सिटिव्ह' (म्हणजे औषध चालेल) दाखवलं, डॉक्टरांनी तेच सुरू केलं. सवयीने मी कल्चरही लावलं होतं. बुधवारी सकाळी ब्लड अगारच्या प्लेटवर जंतूंच्या लाटांवर लाटा पसरलेल्या आणि मासळीसारखा वास : प्रोटियस! हा जंतू नायट्रोफ्युरँटॉइनला मुळातच दाद देत नाही, हे डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियन कोर्सच्या) पोरांनाही पाठ असतं. लगेच फोन केला म्हणून गोळी बदलली गेली. तरी डिस्क लावून पाहिली. गुरुवारी वाढ डिस्कच्या काठाला भिडलेली होती, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नाही. तुमच्या माहितीपत्रकात मात्र 'आता कल्चरची गरज नाही' असं छापलंय.

हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "नमुना नीट हाताळला नसेल." म्हणून तोच प्रोटियस निर्जंतुक केलेल्या लघवीत मिसळून तीनदा लावला. दोनदा 'सेन्सिटिव्ह', एकदा 'रेझिस्टंट' (औषध चालणार नाही). यंत्र सरळ बंद पडलं असतं तर परवडलं असतं.

तुमच्या माणसाने मग कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला जंतू, लावायला सांगितला. लावला, बरोबर आला. येणारच! किटमध्ये कंट्रोल एकच, ई. कोलाय जंतूचा एटीसीसी २५९२२ हा ठरावीक प्रकार, आणि तो तर या औषधाला सेन्सिटिव्हच असतो. डोळे झाकून सगळ्याला 'सेन्सिटिव्ह' म्हणणारं यंत्रही त्यात पास होईल. रेझिस्टंट कंट्रोल का देत नाही?

यंत्र बदलून द्या किंवा पैसे परत करा. या लॉटच्या कार्ट्रिज ज्यांच्याकडे गेल्यात त्या सगळ्या लॅबना लेखी कळवा. पंधरा दिवस वाट पाहीन, मग ग्राहक आयोग. लॅबवरच माझं पोट आहे, तेव्हा 'व्यावसायिक खरेदी' म्हणून हात झटकू नका. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात बसते. मटेरिओव्हिजिलन्सचा (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्याचा) फॉर्म आजच पाठवतोय.

तिन्ही रनच्या प्रिंट आणि प्लेटचे फोटो सोबत जोडले आहेत. ती प्लेट अजून फ्रीजमध्ये ठेवली आहे, माणूस पाठवून बघून घ्या.

आपला,
एक ग्राहक