गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या धक्क्यावर एक फेरीबोट मुद्दाम सोडून देणाऱ्या ड्रायव्हरदादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण हे जाहीरपणे लिहायचंच होतं, कारण संध्याकाळी आईला हॉटेलवर सोडून तुम्ही इतक्या घाईत निघालात की मला धड आभारही मानता आले नाहीत.

आदल्या दिवशी आम्ही एका टूरवाल्याच्या बसमधून फिरलो होतो. जुने गोवे त्याने अर्ध्या तासात उरकलं. गुडघेदुखीमुळे आई बॉम जीझस चर्चच्या दारापर्यंत जेमतेम पोचते न पोचते, तोच शिटी. "आजी, तुम्ही बसमध्येच बसायचं ना," हे वर सगळ्यांदेखत. दिवाडीचं नाव काढलं तर म्हणाला, "तिकडे काय आहे? बीचसुद्धा नाही." हॉटेलातही तोच सूर होता.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "माई, तुम्हाला काय बघायचंय?" माझ्याकडे न बघता, थेट आईला. दुखणाऱ्या माणसाच्या वतीने सोबतच्यानेच बोलायचं, अशी जगाची रीत झालीय. आई क्षणभर गोंधळली आणि मग सुटलीच. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई ती! रायबंदरचा पाटो, म्हणजे तो लांब पूल, १६३३-३४ मधला आहे हे तिने तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही गाडी हळू केलीत आणि मिठागरं कुठवर होती ते तिला दाखवलंत. पुढे ऑगस्टीनच्या चर्चचा तो उरलेला एकटा मनोरा. ४६ मीटर उंच, बाकी सगळं कोसळलेलं. तिथे चढ आहे म्हणून आईला गाडीतूनच नीट दिसेल अशी जागा शोधत तुम्ही मागेपुढे करत राहिलात. बॉम जीझसमध्ये तिला हवा तितका वेळ बसू दिलंत. त्या लाल चिऱ्याच्या भिंतींना पूर्वी गिलावा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, फेरीने दिवाडीत, मग पिएदाद चर्चच्या टेकडीवर. हे चर्च अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधणारे पाद्री आंतोनियो जुआंव द फ्रियास गोव्याचेच, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. आईच्या ते लक्षात आलं, तिने मला कोपराने ढोसलं. टेकडीवरून भातखाचरं, मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. बीच नसलेल्या गावात आणखी काय हवं, ते त्या शिटीवाल्याला विचारायचं राहिलं.

पण हे पत्र लिहितोय ते दिवाडीहून नार्व्याला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यासाठी.

बोट लागलेलीच होती. एक टेम्पो चढला होता, मागून स्कूटरी शिरत होत्या, आणि खलाशी आपल्याला हाताने बोलावत होता. तुम्ही मान हलवून नको म्हणालात. उन्हाचा तडाखा, जेवणाची वेळ टळलेली, मी घड्याळाकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "ह्या बोटीत माईंच्या खिडकीला टेम्पोच येणार. त्या नदी बघायला आल्यात ना?"

पुढच्या बोटीत तुम्ही सगळ्यांच्या आधी गाडी घातलीत, अगदी कडेला. खलाशाशी कोकणीत काहीतरी बोललात, त्याने स्कूटरी दुसऱ्या बाजूला लावायला लावल्या. इंजिन बंद केलंत, काच पूर्ण खाली घेतलीत. आईने खिडकीच्या कडेवर कोपर टेकलं. तिच्या आणि मांडवीच्या मध्ये फक्त बोटीचा कठडा होता.

दादा, तुम्हाला कदाचित कल्पना नसेल. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर, ज्याचं नाव त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर असायचं, त्याचं दिवाडीवरचं देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडलं. देव नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधायची आज्ञा दिली. वर्गात खडूने फळ्यावर नदीची रेघ ओढून हे सांगणाऱ्या बाईला ती नदी गाडीतून न उतरता, टेम्पोच्या चाकाआडून नव्हे, सरळ समोर दिसली. ती सबंध वेळ बोलत होती, आणि तुम्ही आणि तो खलाशी वर्गातल्या पहिल्या बाकासारखे ऐकत होतात.

नार्व्याला पोचल्यावर तिने देवळाच्या शिलालेखातलं 'श्री शिवराज्ञा' मोठ्याने वाचलं. मग शके १५९० म्हणजे इसवी सन किती, हे तिने तुम्हाला विचारलं. तुम्ही बरोबर सांगितलंत. मला सांगता आलं नसतं.

मदत करणारे पुष्कळ भेटतात. सामान उचलतात, हात धरतात, त्यांचेही आभारच. पण समोरच्याला त्याच्या जागेवरून काय दिसतंय, एवढा विचार करणारा माणूस विरळा. त्याला पैसे पडत नाहीत की शिक्षण लागत नाही, तरी आधीच्या दिवशी पैसे भरूनही आम्हाला ते मिळालं नाही. तुम्ही मात्र ठरले तेवढेच घेतलेत, वरचे परत केलेत. त्यावरून आई अजून माझ्यावर चिडलेली आहे, मी पुरेसा आग्रह केला नाही म्हणून.

आणि एक सावधगिरीची सूचना. तुमचा नंबर आईने तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना दिलाय. त्या डिसेंबरात येतायत, त्यांना चोडण बेटही बघायचंय. त्या भूगोलाच्या. भरती-ओहोटी, खाजन शेती, खारफुटी, सगळं विचारतील आणि उत्तर चुकलं तर तोंडावर सांगतील. अभ्यास करून ठेवा.

तुमचा,
माईंचा मुलगा