प्लास्टर निघालं, हात सुटला नाही

महोदय,

मी देवरूखजवळच्या एका वाडीत ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी आषाढात शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरला, उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड नीट जुळलं, एक्स-रेही चांगला आला. "आता कामाला लागा," म्हणून मला घरी पाठवलं.

गणपतीत आरतीनंतर तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तर तळहात वर वळेना. मूठ मिटत नव्हती, कात्री धरवत नव्हती. खांदाही आखडलेला, कारण सहा आठवडे हात झोळीत बांधून मी त्याला जपत बसले होते. प्लास्टर असतानाच बोटांची उघडमीट करायची, कोपर सरळ करायचं, हात दिवसातून चार-पाच वेळा डोक्यावर न्यायचा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

शेवटी रत्नागिरीला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. मशीनचा शेक म्हणजेच उपचार, अशी माझी समजूत. शेकाने दुखणं जरा कमी होतं, पण सांधा सुटतो तो हलवल्यानेच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. कोमट पाण्यात हात धरायचा, मग कोपर अंगाशी ठेवून लाटणं मुठीत घ्यायचं आणि हात उताणा-पालथा करायचा. कणकेचा गोळा दाबायचा. टेबलाच्या कडेवरून मनगट खाली सोडून वर उचलायचं. डोळ्यांत पाणी यायचं. थोडं दुखलं तर चालेल, पण सूज वाढली किंवा रात्री ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा, ही खूणही त्यांनीच दिली. दोन महिन्यांनी मी पहिला ब्लाउज बेतला.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी दर फेरीला दिवस मोडतो. रोजंदारीवरच्या बाईला ते परवडत नाही आणि तिचा हात तसाच राहतो. म्हणून माझी विनंती आहे की, प्लास्टर घालतात तिथेच चित्रांसह मराठीत व्यायामाचा कागद हातात द्यावा आणि कोणीतरी एकदा ते करवून घ्यावेत. आणि जिथे फिजिओथेरपिस्ट नाही, त्या ग्रामीण रुग्णालयात निदान आठवडी बाजाराच्या दिवशी तरी एक यावा. त्या दिवशी खेड्यातली माणसं तालुक्याला येतातच.

शेजारच्या काकूंच्या हाताला परवाच प्लास्टर घातलं. त्यांच्या कागदावरही फक्त गोळ्यांची नावं आहेत. बोटं कशी हलवायची ते मी रोज संध्याकाळी जाऊन दाखवते.

— एक वाचक, देवरूख, जि. रत्नागिरी