बाई, तुम्ही दोरा हातात दिलात म्हणून

आदरणीय बाई,

सा. न.

तुम्हाला एकटीला पत्र पाठवता आलं असतं, पण हे आभार चारचौघांत मानावेत असं फार दिवस मनात होतं.

समप्रमाण मला येतं, अशी माझी समजूत होती. तिरकस गुणाकार करायचा, क्ष काढायचा, उत्तर बरोबर यायचं. पण एक राशी वाढली की दुसरी वाढते, यापलीकडे मला काहीच कळलेलं नव्हतं. तुम्ही ते कसं ओळखलंत कोण जाणे! एके दिवशी डबे, झाकणं, गोल दिसेल ते सगळं टेबलावर मांडलंत आणि मला दोरा, पट्टी नि आलेख कागद दिलात.

आडव्या अक्षावर व्यास, उभ्या अक्षावर परीघ. ४ सेंमी व्यासाला १२.५, ६ ला १९, ७ ला २२, १० ला ३१.५. बिंदू एका रेषेत पडत गेले तसा मला हुरूप आला. फक्त ८ सेंमीचा बिंदू बराच वर गेला होता, कारण परीघ २७.५ मोजला गेला होता. मी खोडरबर उचललं, तर तुम्ही म्हणालात, "खोडू नको, पुन्हा मोज." दोरा तिरका गुंडाळला गेला होता. नीट मोजल्यावर २५ आले. तक्त्यात २७.५ हा आकडा मी दोनदा वाचला होता आणि चूक दिसली नव्हती. आलेखाने ती लगेच दाखवली.

मग तुम्ही विचारलंत, "व्यास शून्य असेल तर परीघ किती?" मी रेषा मागे वाढवली, ती आरंभबिंदूतून गेली. व्यास १ ने वाढला की परीघ सुमारे ३.१४ ने वर, कुठूनही बघा. पाय (π) हा तोवर माझ्यासाठी सूत्रात घालायचा आकडा होता. तो त्या रेषेचा चढ आहे, हे कळलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

त्या आनंदात मी ठरवून टाकलं, की सरळ रेषा म्हणजे समप्रमाण. तुम्ही "चूक" म्हणाला नाहीत. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा आलेख काढायला लावलात. १० अंशांना ५०, २० ला ६८, ४० ला १०४. रेषा अगदी सरळ, पण उभ्या अक्षाला ३२ वर छेदणारी. समप्रमाणात एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट व्हायला हवी; इथे सेल्सिअस दुप्पट झालं तरी फॅरनहाइट दुप्पट होत नव्हतं. मी हिरमुसले, तेव्हा तुम्ही फक्त वाढीकडे बघायला सांगितलंत. सेल्सिअसच्या दर ५ अंशांमागे फॅरनहाइटचे ९ वाढतात, कायम. म्हणजे तापमानं समप्रमाणात नाहीत, त्यांच्यातली वाढ मात्र आहे. बाई, समप्रमाणाबद्दल मला जे काही कळलंय त्यात हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते केवळ सूत्र पाठ करून मला कधीच सापडलं नसतं.

आजही कुठला आलेख समोर आला की मी आधी डावा खालचा कोपरा बघते. तिथे शून्य आहे की अक्ष मध्येच कुठून सुरू केलाय? अक्ष ५० पासून सुरू केला, तर कोपऱ्यातून निघालेली रेषा आरंभबिंदूतून आल्यासारखी भासते. चढही अक्षावरचे आकडे वाचूनच ठरवते, कारण प्रमाण बदललं की तीच रेषा उभी किंवा झोपलेली दिसते. ही सवय तुमची.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने झाकणं मोजायला घेतली. तिचाही एक बिंदू रेषेच्या वर गेलाय. मी काही सांगितलं नाही, दोरा तेवढा तिच्याजवळ सरकवला.

तुमची विद्यार्थिनी